नाव विचारणारे रुग्णालय



सासूबाईंचे मांडीचे हाड मोडले तेव्हा त्यांना एका मोठ्या रुग्णालयात ठेवले होते. नाव सांगत नाही. शेजारच्या खाटेवर त्यांच्याच नावाच्या दुसऱ्या एक बाई होत्या. रात्री नर्सबाई इंजेक्शन घेऊन आल्या, नाव घेतले, सासूबाई झोपेत “हो” म्हणाल्या. मी सहज विचारले, “कसले हो इंजेक्शन?” तर म्हणे साखरेचे! आमच्या सासूबाईंना साखरेचा आजारच नाही. अजून ती रात्र आठवली की पोटात गोळा येतो.

दाराशी चकचकीत फरशी होती. आपण तेवढीच बघून माणूस भरती करतो.

घरी आल्यावर पुतण्याला विचारले, रुग्णालयांची परीक्षा कोणी घेते की नाही? तो म्हणाला, काकू, नोंदणी वेगळी आणि गुणवत्तेची मान्यता वेगळी. खाजगी रुग्णालयाला नोंदणी करावीच लागते, आपल्याकडचा तो कायदा १९४९ चा. मान्यता मात्र ज्याने त्याने आपखुशीने मागायची. भारतीय गुणवत्ता परिषदेचे एनएबीएच म्हणून मंडळ आहे, ते २००५ साली निघाले. सरकारी रुग्णालयांसाठी २०१३ साली राष्ट्रीय मानके ठरली. त्यांत निदान सत्तर टक्के गुण लागतात. तपासनीस नुसते कागद चाळत नाहीत. हात धुण्याची सोय बघतात, नर्सबाईंना प्रश्न घालतात आणि खाटेवरच्या पेशंटलाही विचारतात.

औषध देण्याआधी रोग्याची ओळख दोन खुणांनी पटवायची, नाव आणि केसपेपरचा नंबर. खाटेचा नंबर चालत नाही, कारण खाट बदलते. म्हणून मनगटाला पट्टी. शिवाय नाव आपण घ्यायचे नाही, त्यांच्याकडून वदवून घ्यायचे. एवढीशी गोष्ट, पण त्या रात्री तीच झाली नाही.

पाटी लागली म्हणजे चूक होणारच नाही, असे मात्र नव्हे. पाहुणे यायचे म्हणून आपणही घर आवरतोच की! आणि कित्येक लहान दवाखान्यांत पाटी नसते, पण हात स्वच्छ असतात.

पुढे सासूबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन निघाले. मी आधी भिंतीवरचे प्रमाणपत्र वाचले, त्यावरची मुदत पाहिली आणि पट्टी बांधता ना, म्हणून विचारले. नर्सबाई दर वेळी थेंब घालण्याआधी विचारीत, “आजी, नाव काय तुमचे?” सासूबाई चिडून म्हणत, “किती वेळा सांगू गं हिला?”

मी म्हणे, “सांगा हो, आणखी एकदा सांगा.”