रुपयाचा जन्म आणि आपली पुंजी

(वाई येथे बौद्ध कुटुंबांच्या सभेत केलेले भाषण)



धम्मदीक्षा घेताना आपण अनेक खोट्या समजुतींचे ओझे खाली ठेवले. आणखी एक ओझे अद्याप आपल्या डोक्यावर आहे. पैसा ही लक्ष्मी आहे, ती चंचल आहे, ज्याच्या नशिबी असेल त्याच्याच घरी ती जाते, असे आपल्या वाडवडिलांना सांगण्यात आले. मी वकील आहे, आणि कायद्याच्या नजरेने पाहिले तर पैसा हे माणसाने माणसाला दिलेले वचन आहे. ते वचन कोणी दिले, कितपत दिले आणि ते मोडल्यास दाद कोठे मागावयाची, हे ज्याला समजले त्याला आपली पुंजी राखता येते.

खिशातील शंभराची नोट काढून पाहा. तीवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही आहे आणि धारकाला १०० रुपये देण्याचे वचन आहे. प्रत्येक नोटेमागे तिच्या किमतीचे सोने तिजोरीत असते असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. १९५७ सालच्या दुरुस्तीनुसार रिझर्व्ह बँकेने नोटांसाठी किमान २०० कोटी रुपयांचे सोने व परकीय रोखे ठेवावे, त्यांत सोने किमान ११५ कोटींचे असावे, एवढेच बंधन आहे. उरलेल्या नोटांचा आधार मुख्यतः परकीय रोखे, म्हणजे इतरांनी दिलेली वचनेच होत.

बाबासाहेबांचा इशारा

वचन देणाऱ्याने हात सैल सोडला तर काय होते, याचा विचार बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी केला. याच जिल्ह्यात, सातारच्या शाळेत, ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्यांचे नाव दाखल झाले, त्यांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. १९२५ साली चलनविषयक शाही आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. त्यांचे प्रतिपादन असे होते की, परदेशी नाण्याशी रुपयाचा दर स्थिर ठेवणे पुरेसे नाही. रुपयाची खरेदी करण्याची शक्ती स्थिर राहिली पाहिजे. त्यासाठी चलन किती काढावे हे सरकारच्या मर्जीवर न सोडता त्याला मर्यादा घातली पाहिजे. भाव चढले तरी मजुरी त्याच वेगाने चढत नाही, म्हणून चलन स्वस्त झाले की मजुराच्या ताटातील भाकरी लहान होते.

त्या आयोगाने मध्यवर्ती बँक स्थापण्याची शिफारस केली आणि पुढे १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँकेचे काम सुरू झाले. बाबासाहेबांना हवी होती ती सोन्याची मर्यादा आज राहिलेली नाही. तिच्या जागी, २०१६ सालच्या दुरुस्तीने, महागाई ठरावीक मर्यादेत ठेवण्याची जबाबदारी कायद्याने रिझर्व्ह बँकेवर आली. त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न मात्र जुना झालेला नाही.

बँकेच्या वहीतील पैसा

देशातील बहुतेक पैसा नोटांच्या रूपात नसून बँकांच्या वह्यांत आहे. तो कसा निर्माण होतो ते पाहा. एका तरुणाला रिक्षासाठी २ लाखांचे कर्ज मंजूर झाले. बँक कोणा म्हातारीच्या ठेवीतून २ लाख कमी करून ते त्याला देते काय? नाही; म्हातारीच्या पासबुकातील आकडा जसाच्या तसा राहतो. बँक एका बाजूला तरुणाकडून २ लाख येणे लिहिते आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या खात्यात २ लाख जमा लिहिते. सकाळी नसलेला पैसा सायंकाळी असतो. त्याने रिक्षा विकणाऱ्याला पैसे दिले की ते त्याच्या खात्यात जातात. आणि तरुण मुद्दल फेडीत जातो तसतसा तो पैसा वहीतून नाहीसा होतो.

ही शक्ती अमर्याद नाही. बँकेपाशी स्वतःचे भांडवल लागते, ठेवींचा ठरावीक हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागतो, दुसऱ्या बँकेचे देणे भागविण्यास रोकड लागते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कर्जदाराने परतफेड करावी लागते. परतफेड थांबली की भांडवल झिजते, आणि मग म्हातारीच्या पासबुकातील आकड्याला आधार राहत नाही.

येथे कायद्याचे एक तत्त्व ध्यानात घ्या. ठेव म्हणजे बँकेत राखण म्हणून ठेवलेले गाठोडे नव्हे. ठेवीदार हा बँकेचा धनको व बँक ही त्याची ऋणको, हे इंग्लंडमध्ये १८४८ सालीच निर्णयाने ठरले आणि आपल्याकडेही तेच तत्त्व चालते. आपण बँकेला कर्ज देतो, आणि धनकोने ऋणकोची चौकशी केलीच पाहिजे.

वाईचा अनुभव

ही गोष्ट वाईकरांना पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. येथील हरिहरेश्वर सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने जुलै २०२३ मध्ये रद्द केला. पुरेसे भांडवल नाही आणि कमाईची शक्यता नाही, असे कारण देण्यात आले. त्यापूर्वी डिसेंबर २०२० मध्ये कराड जनता सहकारी बँकेचा परवाना गेला होता. दोन्ही ठिकाणी शंभरातील सुमारे ९९ ठेवीदार पूर्ण रक्कम मिळण्यास पात्र ठरले. हे नशिबाने घडले नाही; कायद्याने घडले. १९६० साली केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाल्यानंतर १९६१ साली ठेव विम्याचा कायदा झाला. ४ फेब्रुवारी २०२० पासून विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख झाली. २०२१ च्या दुरुस्तीने, बँकेवर पैसे काढण्याचे निर्बंध आल्यास साधारणतः ९० दिवसांत विम्याची रक्कम मिळण्याची तरतूद झाली.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट. ही ५ लाखांची मर्यादा एका बँकेतील एका ठेवीदाराच्या सर्व शाखांतील रकमेला, मुद्दल व व्याज मिळून, लागू आहे. निवृत्तीची मोठी रक्कम एकाच सहकारी बँकेत ठेवू नका. पतसंस्थेतील ठेवीला हे विम्याचे कवच मुळीच नाही, हेही विसरू नका.

दुसरी. ठेवीवर वर्षाला ७ टक्के व्याज मिळाले आणि भाव ६ टक्क्यांनी चढले, तर खरी वाढ सुमारे १ टक्काच झाली. पेटीत ठेवलेली नोट तर दरवर्षी झिजते. म्हणून पैसा कोठे ठेवावा हे केवळ व्याजाचा दर ऐकून ठरवू नये.

तिसरी. थोड्या महिन्यांत दामदुप्पट देणारा मनुष्य पैसा निर्माण करीत नाही. तो मागून येणाऱ्याचा पैसा पुढच्याला देतो. अशा अनियंत्रित ठेव योजनांवर २०१९ सालच्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदाही आहे आणि त्याखाली फसविणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते. योजना सांगणारा आपल्याच समाजातला असला, 'जय भीम' म्हणून घरात आला, तरी त्याच्याकडे नोंदणीचा कागद मागा.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. नवा पैसा कर्जातून जन्मतो. म्हणून कर्ज ज्याला मिळते त्याच्या दारी तो प्रथम येतो. ज्याला जमीन नव्हती, तारण नव्हते, त्याच्या वस्तीपर्यंत तो बहुधा सावकाराच्या हातून आणि सावकाराच्या व्याजाने आला. आपण केवळ ठेवी ठेवणारे राहिलो तर आपली बचत दुसऱ्याच्या धंद्याचा आधार होईल. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे बँकांनी कर्जाचा ठरावीक भाग दुर्बल घटकांना द्यावयाचा असतो आणि त्यांत अनुसूचित जाती येतात. बौद्ध झाल्याने हा हक्क जातो असे कोणी सांगितल्यास ऐकू नका. १९९० सालच्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातीच्या लोकांना तो दर्जा मिळाला आहे. शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. नकार आला तर तोही लेखी मागा. जेथे आपण सहकारी बँकेचे सभासद आहो, तेथे वार्षिक सभेस जा, ताळेबंद वाचा, थकबाकी किती ते विचारा.

मात्र कर्ज कमाईसाठी असावे. लग्नाच्या मांडवासाठी नव्हे. भगवान बुद्धांनी सिगाल या गृहस्थपुत्राला मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले: एक उपभोगास, दोन उद्योगास, आणि चौथा आपत्तीसाठी राखून. दीघजाणूला त्यांनी उद्योगाबरोबरच मिळविलेल्या धनाचे रक्षण शिकविले. संसारी माणसाचे धन त्यांनी तुच्छ मानले नाही. ते सन्मार्गाने मिळवावे आणि जागरूकपणे राखावे, एवढेच सांगितले.

आज घरी गेल्यावर पासबुक काढा आणि आपल्या घरातील स्त्रियांसह बसून ते वाचा. कोणत्या बँकेकडून किती येणे आहे, ते एका कागदावर मांडा. हा हिशेब ज्या घरात दोघांनाही माहीत आहे, त्या घराला फसविणे कठीण जाते.

नमो बुद्धाय. जय भीम.