तळघरातले वीस खोके
(सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील मनोगत)

आदरणीय गुरुजन आणि १९७५ च्या, दहावीच्या पहिल्या बॅचमधल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला ‘अमेरिकेतील चाळीस वर्षे’ असा विषय दिला होता. मी फक्त तळघरातल्या वीस खोक्यांबद्दल बोलणार आहे. चाळीस वर्षांतलं बरंचसं त्यांत येतं.

गेल्या वर्षी आम्ही न्यू जर्सीतलं मोठं घर विकून लहान घरात गेलो. तळघर आवरताना हे खोके निघाले. सगळे सीलबंद, आणि आत बेसबॉलच्या खेळाडूंची कार्डं. पुढे फोटो, मागे बारीक अक्षरांत त्याची वर्षावर्षाची आकडेवारी. तिकडे मुलं ती पत्त्यांसारखी जमवतात, अदलाबदल करतात. एका पाकिटात १५ कार्डं आणि च्युइंगगमची एक पट्टी, एका खोक्यात ३६ पाकिटं. म्हणजे माझ्याकडे १०,८०० कार्डं होती.

ती घेतली १९८८ साली. मुलगा आठ वर्षांचा होता, कार्डांसाठी वेडा. मी मात्र ऑफिसात ऐकलं होतं की जुन्या कार्डांना सोन्याचा भाव येतो. सुमारे पंधरा डॉलरला एक, असे वीस खोके आणले आणि त्याला बजावलं, “उघडायचे नाहीत. तुझ्या कॉलेजसाठी आहेत.” तो दर वाढदिवसाला विचारायचा, “बाबा, एकच उघडू?” मी म्हणायचो, “सील तुटलं की किंमत गेली.” त्याच्याकडे सुटी कार्डं होती, बुटाच्या खोक्यात. त्यांचे कोपरे दुमडलेले बघून मी त्यालाच व्याख्यान द्यायचो.

आता कार्डांच्या दुकानदाराला विचारलं. त्याने खोक्यावरचं साल वाचलं आणि हसला. म्हणाला, “अशी माणसं रोज येतात.” आज त्या खोक्याला साधारण मी मोजले तेवढेच पैसे मिळतात, तेही कोणी घेतलं तर. सुटी कार्डं तर घ्यायलाच तो तयार नव्हता. दर्जा ठरवून घेण्याची फीच कार्डाच्या किमतीपेक्षा जास्त पडते.

असं का झालं? मिकी मँटलचं १९५२ चं एक कार्ड २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. त्याला एवढी किंमत आली, कारण त्या काळातली बहुतेक कार्डं मुलांनी खेळून फाडली, आयांनी फेकून दिली. न खपलेली कार्डं टॉप्स कंपनीच्या साय बर्जर यांनी १९६० मध्ये समुद्रात बुडवली, असं ते स्वतः सांगत. आमच्या वेळी मात्र कंपन्यांनी भरमसाठ छापली आणि माझ्यासारख्या शहाण्या बापांनी ती जपून ठेवली. सगळ्यांनीच जपलं, म्हणून कोणाचंच दुर्मीळ राहिलं नाही.

मुलाला फोन केला. आता तो पंचेचाळीस वर्षांचा आहे. म्हणाला, “बाबा, मला फक्त तो बुटाचा खोका ठेवा. बाकीचे तुमचे आहेत.” रागाने नाही म्हणाला. पण ‘तुमचे’ हा शब्द मला लागला. खरंच ते माझेच होते. त्याच्या नावावर घेतले होते, एवढंच.

मग सुट्टीत नात आली तेव्हा मी म्हटलं, “चल, उघडू या.” तिचा बाबाही जमिनीवर बसला. पहिलं पाकीट मी त्याच्या हातात दिलं. गम दगड झाला होता, शेजारच्या कार्डावर त्याचा डाग पडला होता. आम्ही तीन दिवस नंबर लावत होतो. १९८८ चा टॉप्सचा संपूर्ण संच ७९२ कार्डांचा असतो. तो एक पूर्ण लावला आणि नातीला दिला. उरलेली कार्डं वीस-वीसच्या पुड्या करून हॅलोवीनला दारात आलेल्या मुलांना गोळ्यांबरोबर वाटली. एक मोठा गठ्ठा नातीच्या शिक्षिकेने मागून घेतला, दशांश अपूर्णांक शिकवायला.

ते ऐकलं आणि सर, मला तुमचा वर्ग आठवला. १९७१ च्या जूनमध्ये, सातवीत, तुम्ही फळ्यावर लिहिलंत: गावसकर, ८ डाव, ३ वेळा नाबाद, ७७४ धावा. आम्ही सगळ्यांनी ८ ने भागलं. तुम्ही म्हणालात, “गाढवांनो, बाद किती वेळा झाला?” उत्तर १५४.८० मी अजून विसरलेलो नाही. त्याच गावसकरचे वर्तमानपत्रातले फोटो मी खळीने जुन्या वहीत चिकटवले होते. ती वही आईने रद्दीत घातली. तिची किंमत काय झाली असती, असं माझ्या मनातही कधी आलं नाही. ती माझी वापरून झाली होती.

मित्रहो, आपल्या सगळ्यांच्या माळ्यावर असं काहीतरी आहे. पोस्टाची तिकिटं, कॅसेट, न वापरलेले डिनर सेट. विकण्याजोगं काही असेल तर जरूर बघा. पण दुकानदाराने मागितलेला भाव बघू नका, प्रत्यक्षात कितीला विकलं गेलं ते बघा. दहा-वीस नग बाजूला काढा, बाकीचं ज्याला वापरायचंय त्याला आधी विचारून द्या. आणि ज्याच्यासाठी म्हणून ठेवलंय तो माणूस जवळ असेपर्यंत सील तोडा.

शेवटची काही पाकिटं मी बॅगेतून आणली आहेत. सर, पहिलं तुम्ही उघडा. फक्त आतला गम खाऊ नका.