शपथ मोडली म्हणजे माणूस संपला का?

आजचा भाग थोडा घरचा आहे.

मी धाराशिवचा, सध्या पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर. माझ्या चुलतभावानं तुळजाभवानीच्या पायरीवर दारू सोडायची शपथ घेतली. तीन वेळा. तिन्ही वेळा मोडली. तिसऱ्यांदा मी फोनवर म्हणालो, "दादा, तुला लाज नाही वाटत का?" आज मला त्या वाक्याचीच लाज वाटते.

झालं असं, की मेंदूत काय घडतं ते मी नंतर वाचलं. आवडीचं जेवण, कुणाची शाबासकी, यानं डोपामाइन सुटतं. ते मेंदूला शिकवतं, 'हे परत कर.' दारू किंवा एमडीनं त्याचा लोंढाच येतो. मग मेंदू स्वतःचा प्रतिसाद कमी करतो. तेवढ्याच मजेसाठी जास्त लागते, बाकी सगळं फिकं वाटतं. कपाळामागचा, 'थांब' म्हणणारा भाग ढिला पडतो. म्हणजे शपथ घेतानाचं दादाचं रडणं खरंच होतं. पण संध्याकाळी नेहमीचा ढाबा दिसला, की मेंदूतली जुनी वाट जागी व्हायची.

मग उपाय काय? पहिलं म्हणजे, रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. फिट येऊ शकते, भ्रम होतो, जिवावरही बेततं. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं. ओढ कमी करणारी नॅल्ट्रेक्सोनसारखी औषधं आहेत. एमडीवर अशी खास गोळी नाही, तिथं भर समुपदेशनावर. पुण्याचं मुक्तांगण १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलं. तिथं औषधासोबत समुपदेशन, गटचर्चा आणि घरच्यांनाही सोबत घेणं, असं सगळं असतं.

२०२५ मध्ये आपलं तुळजापूर एमडीमुळं बातम्यांत आलं. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा एकच, कोण सापडलं. कुणाला उपचार लागतील, हे मीसुद्धा विचारलं नाही.

दादानं उपचार घेतले. सात महिने नीट गेले, मग एकदा घसरला. पण या वेळी त्यानं स्वतःच फोन केला. मी एवढंच विचारलं, "दादा, कुठं आहेस? जेवलास का?" दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो.

व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. दोन्ही मोफत. आत्ताच सेव्ह करा. भेटू पुढच्या भागात.