दगडाखालचं फुरसं

मागच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "साप असायचे ते उसात नाहीतर भाताच्या खाचरात. आमच्या कोरड्या माळावर काय असणार?" म्हणून आज फुरशाविषयी बोलते.

राजस्थानच्या वाळवंटात राहणारं फुरसं आपल्या महाराष्ट्रातही आहे. वाळूच हवी असं त्याचं काही नाही. कोरडी, उघडी, दगडगोट्यांची जमीन त्याला पुरते. रत्नागिरीकडे एवढा पाऊस, तरी तिथल्या कातळावर ते पूर्वीपासून आहे. मग जुन्नरचं आणे पठार काय किंवा आंबेगावच्या पूर्वेचे लोणी-धामणीकडचे माळ काय, अशी जागा त्याला मानवणारीच.

दिवसा ते दगडाखाली, बांधाच्या सांदीत, झुडपाच्या बुडाशी बसतं आणि रात्री बाहेर पडतं. पावसाळ्यात झुडपावर, निवडुंगावरही चढतं. लांबी जेमतेम हात-सव्वा हात, रंग मातीचा, डोक्यावर बाणासारखी खूण. डिवचलं की अंग अंगावर घासून करवतीसारखं खरखरतं.

आता बघा, बांधाचे दगड उचलणं, सरपण, गोवऱ्या, खुरपणी ही सगळी कामं आपलीच. म्हणजे त्याच्या घरात हात आपलाच जातो.

आमच्या गटातल्या एका वहिनींना दगड उचलताना बोटाला चावलं. "एवढंसं तर होतं," म्हणून हळद लावून त्या घरीच राहिल्या. रात्री हात सुजला, बांगड्या रुतल्या. सासूबाई म्हणाल्या, "सवाष्णीनं बांगड्या काढू नयेत." सकाळी हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा दवाखान्यात नेलं. फुरशाच्या विषानं रक्त गोठत नाही. वहिनी वाचल्या, पण आठ दिवस तिथेच होत्या. आता त्याच सासूबाई सांगतात, "आधी बांगड्या काढा गं. बाई राहिली तर चुडा पुन्हा भरता येतो."

तेव्हा दगड किंवा सरपण उचलण्याआधी काठीनं हलवा. पायात बूट आणि रात्री हातात बॅटरी असू द्या. चावलंच तर बांगड्या, अंगठी, जोडवी लगेच काढा. दोरी आवळू नका, चिरा देऊ नका. हात-पाय न हलवता १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठा. सापाच्या विषावरचं इंजेक्शन तिथे मोफत मिळतं आणि ते फुरशावरही चालतं. साप पकडून नेण्यात वेळ घालवू नका.

उद्या खुरपायला जाताना शेजारणीलाही एवढं सांगा.