यारी आणि तिचा लवाजमा

(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवात रेल्वेच्या जुन्या याऱ्यांवर व्याख्यान ठेवलेले पाहून काहींना नवल वाटले असेल. वाफेच्या इंजिनाविषयी आपल्या पिढीला जिव्हाळा आहे. त्याची चित्रे घराघरांत आहेत. यारी, म्हणजे ज्याला आपण सर्रास क्रेन म्हणतो ते यंत्र, मात्र कुणाच्या आठवणीत नसते. ती बाहेर पडते ती अपघाताच्या वेळी, आणि त्या वेळी यंत्राचे कौतुक करण्याची कुणाची मनःस्थिती नसते. तिच्या मागेपुढे जोडलेल्या डब्यांकडे तर कुणी ढुंकूनही पाहत नाही. आज मला बोलायचे आहे ते मुख्यतः या डब्यांविषयी.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. या याऱ्या बांधणारे नावाजलेले कारखाने इंग्लंडात होते. कार्लाइल येथील ‘काउन्स शेल्डन’ची स्थापना १८४६ची, इप्सविच येथील ‘रॅन्सम्स अँड रेपियर’ची १८६९ची. वाफेच्या यारीची रचना मोठी विचारपूर्वक केलेली असे. पुढे लांब बाहू, मध्ये रहाटांची आणि दातेरी चाकांची यंत्रणा, आणि अगदी मागे उभा बाष्पक. बाष्पक मागे ठेवण्यात दुहेरी लाभ होता. तो वाफ देई आणि बाहूला टांगलेल्या ओझ्याला तोलही देई. ओझे उचलणे, बाहू वरखाली करणे, सबंध यारी वर्तुळात फिरविणे आणि रुळांवर स्वतःहून थोडे चालणे, अशा चार हालचाली एकाच वाफेच्या बळावर होत.

यारीवर ‘४५ टन’ असे लिहिलेले असले, तरी ती कुठूनही ४५ टन उचलील असे नव्हे. सारा हिशेब तराजूचा आहे. ओझे जसजसे दूर जाईल, तसतशी उचलण्याची शक्ती झपाट्याने उतरते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी यारीच्या दोन्ही बाजूंनी लोखंडी तुळया बाहेर काढीत, त्यांच्याखाली लाकडी ठोकळ्यांची थप्पी रचीत आणि मगच ओझ्याला हात घालीत. ही थप्पी खचली तर घसरलेले इंजिन राहिले बाजूला, यारीच आडवी व्हायची.

आता हे ठोकळे आणायचे कशातून? येथेच लवाजम्याची गोष्ट सुरू होते.

पहिला सोबती म्हणजे बाहूखालचा डबा. रेल्वेतील मंडळी त्याला ‘मॅच ट्रक’ किंवा ‘रनर’ म्हणत. प्रवासात यारीचा बाहू खाली आणून आडवा ठेवतात, तेव्हा तो यारीच्या चौकटीच्या बराच पुढे येतो. त्या बाजूस दुसरा डबा सरळ जोडता येत नाही. जोडला तर बाहू त्यावर आदळेल. म्हणून तेथे एक सपाट, उघडा डबा लावतात आणि त्यावर बाहूसाठी एक टेकू असतो. हा टेकू घट्ट जखडून चालत नाही. वळणावर बाहू आणि डबा यांच्या दिशा वेगळ्या होतात, त्यामुळे बाहूला आडवे सरकण्यास वाव ठेवावा लागतो. थोडक्यात, हा साधा डबा नसेल तर यारीला कोणत्याही गाडीबरोबर सुरक्षितपणे नेता येत नाही.

दुसरा सोबती अधिक चतुर. अवजड यारीचा सगळा भार तिच्या मोजक्या चाकांवर आला, तर जुने पूल आणि हलके रूळ तो सोसणार नाहीत. रॅन्सम्स अँड रेपियरचे विल्फ्रेड स्टोक्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी यावर तोड काढली. यारीच्या दोन्ही टोकांना सुट्या चाकगाड्या जोडून प्रवासापुरता काही भार त्यांच्यावर सोपवायचा. जागेवर पोहोचताच त्या सोडवून बाजूला करायच्या आणि यारी मोकळी करायची. हेच स्टोक्स पहिल्या महायुद्धातील ‘स्टोक्स मॉर्टर’ या तोफेचे जनक. तोफेमुळे त्यांचे नाव इतिहासात राहिले. या भारवाहू चाकगाड्यांमुळे ते फार थोड्यांना ठाऊक आहे.

भाराचा हा प्रश्न ग्वाल्हेरच्या श्रोत्यांना वेगळा समजावून सांगायला नको. ६१० मिलिमीटर रुंदीची आपली छोटी गाडी २०२० साली थांबली, पण श्योपूरकडे जाणारे ते अरुंद, हलके रूळ अनेकांच्या डोळ्यांसमोर असतील. तशा रुळांवर शंभर टनी यारी नेणे अशक्य. तेथे घसरलेला डबा जागेवर आणायचा तो जॅक, पहारी, लाकडी ठोकळे आणि माणसांचे खांदे यांच्या जोरावर.

मोठ्या मार्गांवरही माणसांवाचून भागत नसे. म्हणून यारीबरोबर हत्यारांचा डबा असे. त्यात जॅक, साखळदंड, पोलादी दोर, ठोकळे, दिवे. आणि माणसांचा डबा असे. त्यात बाकडी, चूल, पाण्याचे पिंप. भारतीय रेल्वेच्या नियमावलीत या गाडीसाठी भोंग्याची स्वतंत्र भाषा आहे. तीन लांब भोंगे म्हणजे बाहेरच्या स्थानकाकडे अपघात, मात्र मुख्य मार्ग मोकळा. त्यांना एक आखूड जोडला की मार्ग अडलेला. चार लांब झाले की वैद्यकीय गाडीही हवी. अपघात साहाय्य गाडी दिवसा ३० आणि रात्री ४५ मिनिटांत निघाली पाहिजे, असा दंडक. भोंगा ऐकून अर्धे ताट सोडून उठणाऱ्या माणसांनी हे डबे भरत. यारीच्या पाटीवर कारखान्याचे नाव कोरलेले असते. या माणसांची नावे कुठल्याच पाटीवर नाहीत.

हे सेवेचे डबे बहुधा नवे बांधीत नसत. प्रवासी सेवेतून काढलेल्या जुन्या डब्यांतील आसने उचकटून त्यांत हत्यारे आणि चुली मांडीत. याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. इंग्लंडात एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांच्या संधीकाळातील काही प्रवासी डबे आज पाहायला मिळतात, ते अशा दुय्यम कामात लपून राहिल्यामुळेच. त्यांची भावंडे केव्हाच भंगारात गेली.

पण एरवी उलटेच घडते. यारी निवृत्त झाली की ती दिखाऊ म्हणून एखाद्या आवारात रंगवून उभी करतात आणि लवाजमा लिलावात निघतो. मग बाहू अधांतरी ठेवलेली एकटी यारी पाहून, ती प्रवास कसा करी हे नव्या पिढीला कळत नाही. आपल्याकडे जमालपूरच्या कारखान्यात १४० टनी डिझेल याऱ्या तयार झाल्या. वाफेच्या याऱ्या मागे पडल्या. जे घडले ते योग्यच घडले. मात्र जुन्या कामाची रीत तरी नोंदलेली राहावी.

येथे प्रतिकृतिकारांचे काम मोलाचे ठरते. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी मुलांसाठी पत्र्याचे तुकडे कापून जी खेळणी केली, त्यांत यारी होती; त्यातूनच १९०१च्या पेटंटाचे आणि पुढे ‘मेकॅनो’चे बीज पडले. पण खेळण्यातील यारी आणि प्रतिकृती यांत अंतर आहे. ७६ पटींनी लहान प्रतिकृतीत लांबी ७६ पट घटते, परंतु वजन घटते ते सुमारे ४ लाख ३९ हजार पटींनी. शंभर टनांची यारी सव्वादोनशे ग्रॅमची होते आणि अर्ध्या टनाचा आकडा जेमतेम एका ग्रॅमचा. एवढ्याशा वजनाने दोरा ताणला जात नाही. तो लोंबत राहतो. शिवाय टेबलावरील वळणे खऱ्या वळणांपेक्षा फार तीव्र असतात. टेकू सरकता केला नाही, तर पहिल्याच वळणावर बाहू डब्याला रुळांवरून खाली ओढतो. त्या डब्याचे प्रयोजन पुस्तकात चार वेळा वाचून जे उमगत नाही, ते या एका फजितीत उमगते.

जयविलास प्रासादातील चांदीची गाडी आपण सर्वांनी पाहिली आहे. तशी श्रीमंती प्रतिकृतीला लागत नाही. पुठ्ठा, पत्रा आणि अचूक मापे पुरतात. अडचण आहे ती मापांची. यारीची रेखाचित्रे मिळतात. हत्यारांच्या डब्यात कोणती वस्तू कोठे टांगलेली असे, चूल कोणत्या कोपऱ्यात होती, हे कागदावर क्वचितच आढळते.

म्हणून सभासदांना एक विनंती आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी वडील, आजोबा, काका रेल्वेत होते. त्यांच्या पेटीत कामाच्या वह्या, हजेरीपत्रके, डब्यांची छायाचित्रे, नकाशे असतील. ती रद्दीत देण्यापूर्वी ग्रंथालयाला दाखवावीत. मूळ कागद देण्याचा आग्रह नाही. प्रत काढून परत देता येईल. आणि जे त्या गाडीवर प्रत्यक्ष गेले आहेत, ते आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याशेजारी वही घेऊन बसावे आणि एवढेच विचारावे, की भोंगा झाल्यावर तुम्ही कोणत्या डब्यात चढत होता आणि त्यात काय काय होते. शताब्दीच्या या वर्षात अशा दहा वह्या जरी जमल्या, तरी शेजारच्या कपाटात त्यांना जागा करून देणे ग्रंथपालांना जड जाणार नाही.