वालाचं शेत टिकलं तर पोपटी

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



काल रात्री शेकोटीभोवती बसून आपण पोपटी खाल्ली. आज सकाळी तांदळाची भाकरी आणि ओल्या वालाची भाजी झाली. हे सगळं एकाच शेतातून येतं, त्याविषयी दोन शब्द बोलते.

आपल्या शहापूर-मुरबाडकडे भात निघाला की जमिनीतल्या ओलाव्यावर वाल पेरतात. वेगळं पाणी द्यावं लागत नाही. वालाच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात, त्याचा फायदा पुढच्या भाताला होतो. पोपटीही तशीच काटकसरी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, तोंडाशी पुन्हा पाला. मडकं उपडं ठेवून भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही, शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात.

पण शेंगांना शेत लागतं, आणि शेतं विकली जाताहेत. मी कुणाला दोष देत नाही. मुलांची शिक्षणं, घरातली आजारपणं कुणाला चुकलीत? एवढंच म्हणते, आपण नोकरीवाल्यांनी वर्षाचे तांदूळ आणि वाल गावी शेती करणाऱ्या आपल्याच मित्रांकडून घ्यावेत, घासाघीस न करता. पेरणीआधीच सांगून ठेवलं, तर त्यांनाही पेरायला हुरूप येईल.

पौष पौर्णिमेला म्हसा यात्रेच्या वेळी पुन्हा जमू. तेव्हा शेंगा बाजारातून आणायची वेळ येऊ नये.