“जरा जाऊन येते”: मूत्राशयाची कुरकुर शरीराची की मनाची?

(गेल्या गणेशोत्सवात आपल्या सभागृहात एका निवृत्त स्त्री-डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन.)



मी विषय कळवला तेव्हा आपले कार्यवाह क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, “डॉक्टर, पत्रिकेत काय छापायचं?” शेवटी ‘ज्येष्ठांचे आरोग्य’ असं छापलं. त्यांचा दोष नाही. मधुमेहावर आपण पंगतीत बोलतो, गुडघ्यांवर आरती संपताच बोलतो; पण लघवीचा त्रास म्हटला की आपला आवाज खाली जातो. आज मी मुद्दाम मोठ्यानं बोलणार आहे. आणि मधेच कोणाला उठावंसं वाटलं तर खुशाल उठा. मागच्या दारानं बाहेर, डाव्या हाताला. आज कोणी वळून बघणार नाही.

एका काकूंची गोष्ट सांगते. त्यांनी परवानगी दिली आहे, नाव मात्र घेणार नाही. आमच्या गल्लीतल्या अथर्वशीर्षाच्या आवर्तनांना सूर लावायच्या त्या. एकवीस आवर्तनं, तास-दीड तासाची बैठक, त्यांचा आवाज कधी ढळला नाही. एका वर्षी त्या आल्या नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, “गुडघे धरलेत गं.” पुढच्या वर्षीही तेच. मग मुलाकडे पुण्याला जाणं बंद झालं, कारण बस रात्रभराची. मग राजवाड्यापर्यंत जाणंही सुटलं.

एकदा देवळाच्या पायरीवर त्यांनी मला हळूच विचारलं, “दर पाऊण तासाला जावं लागतं. ओटीपोटात सारखं काहीतरी चुरचुरतं. काय असेल?” काका जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, “काकू, मनाला लावून घेतलंय तुम्ही. टेन्शन कमी करा.” ना लघवीची तपासणी सांगितली, ना दवाखान्यात या म्हटलं. पुढची दीड वर्षं त्या बाईंनी ‘हे माझ्या मनाचंच आहे’ असं धरून काढली. ही चूक माझी. म्हणूनच आज इथे उभी आहे.

अखेर स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासलं तेव्हा कळलं की अंग खाली उतरलं होतं आणि त्याच्याबरोबर मूत्राशयही ओघळलं होतं. लघवी पुरती होत नव्हती. दर वेळी थोडी आत उरायची, म्हणून लगेच पुन्हा भरल्यासारखं वाटायचं. रिंग बसवली आणि बराच फरक पडला. पण सगळा नाही. रात्री तीनला रिकाम्या घरात जाग आली की काकूंना चार-चार वेळा उठावं लागायचं. मुलगा-सून राहायला आले की तीच रात्र एका खेपेत निभायची. म्हणजे शरीराचं कारण होतं, आणि मनाचंही होतं. ‘शरीर की मन’ हा माझा प्रश्नच चुकीचा होता.

असं का होतं, ते थोडं समजून घेऊ. मूत्राशय ही स्नायूंची पिशवी आहे. मोठ्या माणसात तिच्यात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. दीडशे-दोनशेच्या आसपास पहिली वर्दी मेंदूकडे जाते. मेंदू म्हणतो, “कळलं, थांब.” आणि आपण हातातलं काम पुरं करतो. ही ‘थांब’ म्हणण्याची ताकद मेंदूच्या पुढच्या भागात असते. भीती, दुःख, काळजी, अपुरी झोप यांनी मेंदू सावध झाला की साधी वर्दीही त्याला धोक्याची घंटा वाटते. ओटीपोटाच्या तळाचे स्नायूही अशा वेळी आखडून राहतात, त्यानं चुरचुर वाढते. परीक्षेच्या हॉलबाहेरची रांग आठवा. बाहेरून येऊन कुलपाला किल्ली लावताच जी घाई होते ती आठवा. किंवा नळाच्या पाण्याचा आवाज. तेवढ्या एका मिनिटात पिशवी काही भरत नाही, पण घाई अगदी खरी असते. म्हणून कोणाला ‘तुझ्या मनाचे खेळ’ म्हणू नका. त्रास मनामुळे वाढला तरी तो शरीरातच होतो.

पण क्रम महत्त्वाचा. आधी शरीर तपासायचं, मग मनाचं नाव घ्यायचं. उलटं करायचं नाही.

पहिली तपासणी लघवीची, आणि जंतुसंसर्गाची शंका असेल तर कल्चर. उन्हाळी लागली की आपल्याकडे औषधाच्या दुकानातून थेट अँटिबायोटिक आणतात. कोचिंगसाठी इंदूरला आलेला एक मुलगा माझ्याकडे आला होता. सहा महिन्यांत पाच कोर्स झालेले, आणि कल्चर एकदाही केलेलं नाही. केलं तर जंतू नव्हतेच. होते ते दिवसाचे आठ कट चहा, चार तासांची झोप आणि परीक्षेची धास्ती. याची दुसरी बाजूही ऐका. वयस्कर बायकांच्या लघवीत कधीकधी जंतू सापडतात, पण जळजळ, ताप, घाई काहीच नसतं. अशा नुसत्या रिपोर्टवर बहुतेक वेळा औषध लागत नाही. गरोदरपणात मात्र लागतं.

दुसरी तपासणी रक्तातल्या साखरेची. वारंवार लघवी हे मधुमेहाचं जुनं लक्षण आहे. तिसरी सोनोग्राफी, आणि लघवी करून आल्यावर पुन्हा एकदा, आत किती उरली ते बघायला. पुरुषांनी प्रोस्टेट दाखवून घ्यावं. पाळी गेलेल्या बायकांमध्ये तिथली त्वचा कोरडी आणि नाजूक होते. त्यावर डॉक्टर लावायचं मलम देतात, त्यानं अनेकींना आराम पडतो. बद्धकोष्ठ असेल तर तेही सांगा, कारण भरलेलं आतडं शेजारच्या मूत्राशयावर दाबतं. आणि रोजच्या गोळ्यांची यादी बरोबर न्या. बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवतात. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यानंही लघवी वाढते. सर्दीच्या काही गोळ्यांनी प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडते. पण कुठलीही गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही.

काही जणांच्या, जास्त करून बायकांच्या, सगळ्या तपासण्या स्वच्छ येतात आणि दुखतं मात्र खरोखर. पिशवी भरत गेली की दुखणं वाढतं, रिकामी केली की उतरतं. याला इंटरस्टिशियल सिस्टायटिस किंवा मूत्राशयाच्या वेदनेचा विकार म्हणतात. कित्येक दशकं अशा बायकांना डॉक्टरांनीच ‘मानसिक’ म्हणून परत पाठवलं. आज त्यावर उपचार आहेत. यूरोलॉजिस्टना दाखवा, आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गप्प बसू नका.

आता न थांबण्याच्या गोष्टी. लघवीत रक्त दिसलं, एकदाच आणि न दुखता दिसलं तरी, डॉक्टरांना दाखवायचंच. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर नक्की; मूत्राशयाच्या कर्करोगाचं ते मोठं कारण आहे. थंडी वाजून ताप आणि कुशीत दुखणं, लघवी पूर्ण अडणं, किंवा अचानक पाय लुळे पडून बसायच्या जागी बधिरपणा येणं, यात त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

तपासण्या झाल्या, घाबरण्यासारखं काही नाही निघालं, किंवा निघालेल्यावर उपचार सुरू झाले. तरी घाई उरलीच, तर काय करायचं? काकूंनी केलं तेच सांगते.

आधी तीन दिवसांची वही. किती वाजता गेलो, मापाच्या भांड्यात किती झाली, काय आणि किती प्यायलो. काकूंच्या वहीत दिसलं की बऱ्याच वेळा जेमतेम ऐंशी-शंभर मिलिलिटरच होत होती. म्हणजे पिशवी भरायच्या आतच त्या उठत होत्या. ‘निघायच्या आधी जाऊन येते, झोपायच्या आधी पुन्हा जाऊन येते’ ही आपली सवय मूत्राशयाला थोड्यावरच हाक मारायला शिकवते.

मग ती सवय मोडायची, हळूहळू. पाऊण तासानं जात असाल तर एक तासावर आणा. आठवडाभर जमलं की आणखी पंधरा मिनिटं. असं करत अडीच-तीन तासांपर्यंत. याला दीड ते तीन महिने लागतात. मधेच घाई आली तर पळू नका. बसा, तळाचे स्नायू पाच-सहा वेळा पटकन आवळून सोडा, श्वास लांब सोडा. घाई लाटेसारखी असते, चढते तशी ओसरते. ओसरली की चालत जा.

हे स्नायू बळकट करण्याचा व्यायाम अमेरिकी डॉक्टर अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली मांडला. वारा रोखताना जे स्नायू आवळतो तेच. पाच सेकंद आवळा, पाच सेकंद सोडा, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. पण ज्यांना दुखतं, त्यांचे स्नायू बहुधा आधीच आखडलेले असतात. त्यांनी आवळायचं नाही, सैल सोडायला शिकायचं. फिजिओथेरपिस्ट ते शिकवतात.

पाणी तोडू नका. ही चूक प्रवासाला निघताना आपण सगळेच करतो. पाणी कमी झालं की लघवी दाट होते आणि जास्त चुरचुरते. डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं नसेल तर दिवसाला दीड-दोन लिटर हवं, आपल्या मे महिन्यात त्याहून जास्त. झोपायच्या दोन तास आधी थांबवा. चहा-कॉफी दोन कपांवर आणा. धने-जिऱ्याचं पाणी जरूर घ्या, पण जंतुसंसर्गावरचा उपचार म्हणून त्यावर विसंबू नका.

आणि मन? काकूंना समुपदेशकाकडेही पाठवलं. त्या आधी रागावल्या, “मी काय वेडी आहे?” नंतर म्हणाल्या, “तिच्याकडे मी काकांबद्दल बोलते गं. घरी कोणी विषयच काढू देत नाहीत.” त्यांच्या रात्रीच्या खेपा कमी झाल्या त्यात या बोलण्याचा वाटा आहे, असं मला वाटतं.

शेवटी मंडळाकडे एक मागणं. आपलं शहर २०१७ साली देशात स्वच्छतेत पहिलं आलं, पुढेही येत राहिलं. तेव्हा सभागृहातलं स्वच्छतागृह उघडं, उजेडाचं आणि स्वच्छ असू द्या. लांब कार्यक्रमात दीड तासानं दहा मिनिटं थांबा. कडेच्या चार खुर्च्या अशा लोकांसाठी ठेवा, कारण न विचारता. ‘गुडघे धरलेत’ म्हणून घरी बसलेल्यांपैकी कितीजणांचे गुडघे ठणठणीत आहेत, ते तेव्हा कळेल.

काकू यंदा आवर्तनाला आल्या. दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. अकराव्या आवर्तनानंतर शांतपणे उठल्या, जाऊन आल्या, आणि बाराव्याला पुन्हा सूर लावला. कोणी वळून बघितलं नाही.